न उघडलेल्या संदेशाचा धोका
एमएमएस उघडलाही नाही, तरी मोबाइलमध्ये परक्याचा शिरकाव होऊ शकतो, हे जुलै २०१५मध्ये उघड झाले. संदेशातील चित्रफीत अँड्रॉइड प्रणाली आपणहून वाचू लागे आणि ती वाचणाऱ्या 'स्टेजफ्राइट' या भागातच दोष होता. गुगलने दुरुस्ती तयार केली. पण ती ग्राहकाच्या हँडसेटपर्यंत पोहोचवणे फोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या हाती. अनेक जुने फोन तसेच राहिले. मूळ रचनेला हात लागला तो २०१६च्या अँड्रॉइड ७.०मध्ये. कॅमेरा, ध्वनी, चित्रफीत असा सारा कारभार तोवर 'मीडियासर्व्हर' ही एकच प्रक्रिया पाहत असे. तिचे तुकडे करून प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार देण्यात आले. चित्रफितीच्या वाटेने कोणी शिरलेच, तरी कॅमेरा आता आयता हाती लागत नाही.