महेशचंद्रांची हरलेली बाजी

बाजी १८५५ची, कलकत्त्यातली. पांढऱ्या बाजूला जॉन कॉक्रन, पेशाने बॅरिस्टर. काळ्या बाजूला महेशचंद्र बॅनर्जी, बंगालच्या गावाकडून आलेले. दोघेही हौशी. त्या काळी युरोपात राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलायचं आणि हल्ल्याला लागायचं, हा रिवाज होता. महेशचंद्रांनी वजिराच्या प्याद्याला उत्तर म्हणून घोडा एफ-६ला आणला, जी-७चं प्यादं एकच घर सरकवलं, डी-५ खेळून पांढऱ्याला डिवचलं आणि उंट कोपऱ्यात जी-७ला ठेवला.

अशा सावकाश मांडणीची सवय बहुधा देशी खेळातली. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं. आजोबांकडून बुद्धिबळ शिकलेल्यांना हे ठाऊक असेल. मग मधली घरं झटक्यात बळकावता येत नाहीत, मोहरे मागेच सावकाश मांडावे लागतात. महेशचंद्रांचा डाव मात्र नुसता सावकाश नव्हता. पांढऱ्याला मध्यभागी प्याद्यांची भिंत उभारू द्यायची आणि कोपऱ्यातल्या उंटाच्या जोरावर सी-५ने तिला धक्का द्यायचा. सातव्या चालीला त्यांनी घोड्याने घोडा मारला आणि आठव्या चालीला तो धक्का दिलाही.

पण बाजी गेली. अठराव्या चालीला त्यांनी घोडा ए-५ला नेऊन कॉक्रनच्या वजिरावर रोखला. वजीर हलवायच्या भानगडीत कॉक्रन पडलाच नाही. घोड्याने दुहेरी शह, राजा कोपऱ्यात, मग वजिराचं बलिदान! तो वजीर हत्तीने मारावाच लागला, आणि स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडलेल्या राजावर एकविसाव्या चालीला घोड्याने मात केली. या दोघांच्या बाजींत बहुतेकदा कॉक्रनच जिंके.

पुढे १९२२ साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हीच मांडणी स्पर्धेत आणली, तिच्या जोरावर अलेखाइनसारख्या दिग्गज खेळाडूलाही हरवलं आणि ती ‘ग्रुनफेल्ड बचाव’ झाली. महेशचंद्रांच्या वाट्याला आलं ते ‘इंडियन डिफेन्स’मधलं ‘इंडियन’. नावाच्या बाबतीत हा अन्यायच, असं माझं मत.

ही बाजी इंटरनेटवर सहज सापडते. पट मांडा, काळ्या बाजूला बसा आणि अठराव्या चालीपाशी थांबा. घोडा ए-५ला न्यायचा मोह तुम्हाला आवरतो का, बघा.