डेटाबेसचं ‘आत्ता’ नेमकं कुठलं?

डेटाबेसला आत्ताची तारीख-वेळ विचारायची तर क्वेरी एका ओळीची आहे. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये ‘सिलेक्ट नाऊ()’, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिलेक्ट गेटडेट()’, ओरॅकलमध्ये ‘सिसडेट’. ‘करंट_टाइमस्टॅम्प’ मात्र या चारही ठिकाणी चालतं. पण हा डेटा तुमच्या प्रबंधात जाणार असेल, तर आधी एवढं बघा की हे ‘आत्ता’ कोणाच्या घड्याळातलं आहे.

समजा, नेवाशाजवळ प्रवरेकाठच्या शेतात तुम्ही पाऊस मोजणारं सेन्सर बसवलंय आणि नोंदी क्लाउडवरच्या सर्व्हरवर जातायत. असे सर्व्हर बहुतेकदा यूटीसीवर लावलेले असतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १६ जूनच्या पहाटे ३ वाजता सर आली, तेव्हा सर्व्हरवर १५ जूनचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. ‘करंट_डेट’ने तारीख टाकली असेल तर हा पाऊस १५ तारखेला पडला! मध्यरात्र ते पहाटे साडेपाचची प्रत्येक नोंद अशीच एक दिवस मागे जाते. एररही येत नाही, आलेखही छान दिसतो.

आता ही आकडेवारी हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडून बघायची म्हटलं की खरी गंमत. खात्याचा पावसाचा दिवस मध्यरात्री बदलतच नाही. सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असे २४ तास धरतात आणि मोजणी ज्या सकाळी होते, त्या तारखेला पाऊस लिहितात. म्हणजे पहाटे ३ चा पाऊस त्यांच्याकडे १६ जूनला, पण त्याच दिवशी सकाळी १० ला पडलेला १७ जूनला. दोन्ही रकाने जुळत नाहीत आणि आपण सेन्सरला दोष देत बसतो.

म्हणून नुसती तारीख साठवू नका, पूर्ण क्षण साठवा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ‘टाइमस्टॅम्पटीझेड’ आहे. (नाव फसवं आहे. तो झोन साठवत नाही, वेळ यूटीसीत करून ठेवतो.) आपली वेळ हवी तेव्हा ‘नाऊ() अ‍ॅट टाइम झोन 'एशिया/कोलकाता'’ असं स्पष्ट विचारा. हवामान खात्याचा दिवस हवा असेल तर यूटीसी वेळेत २१ तास मिळवून तारीख काढा, बरोबर बसते. मायएसक्यूएलमध्ये ‘टाइमस्टॅम्प’ रकाना सेशनच्या झोनप्रमाणे वेळ बदलून दाखवतो, ‘डेटटाइम’ जे दिलं तेच ठेवतो. एसक्यूलाइट तुमच्याच लॅपटॉपवर असलं तरी त्याचं ‘करंट_टाइमस्टॅम्प’ यूटीसीतच येतं.

नेवाशाचंच उदाहरण घ्या. ज्ञानेश्वरीच्या शेवटी रचनेचं वर्ष आहे, शके १२१२. त्यातला ‘शके’ गाळून नुसतं १२१२ उतरवलं, तर वाचणारा ते इसवी सन समजेल आणि १२९० ऐवजी ७८ वर्षं मागे जाईल. झोनशिवाय लिहिलेली वेळ अशीच असते.

दुसरा घोळ ‘नाऊ()’चा. पोस्टग्रेसमध्ये ते ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पन्नास हजार ओळी भरल्या तर सगळ्यांवर सेकंदाच्या अंशापर्यंत तीच वेळ. खरं चालू घड्याळ हवं तर ‘क्लॉक_टाइमस्टॅम्प()’. मायएसक्यूएलचं ‘नाऊ()’ स्टेटमेंट सुरू झाल्याची वेळ देतं, ‘सिसडेट()’ त्या-त्या क्षणाची.

आणि यातलं काहीच पाऊस कधी पडला ते सांगत नाही, नोंद कधी पोचली तेवढंच सांगतं. शेतातली रेंज दोन तास गेली की साठलेल्या नोंदी नंतर एकदम येतात. म्हणून रकाने दोन ठेवा: मोजल्याची वेळ सेन्सरकडून, नोंदल्याची डेटाबेसकडून.

आज एवढं करून बघा. पोस्टग्रेसवर ‘शो टाइमझोन’, मायएसक्यूएलवर ‘सिलेक्ट @@सेशन.टाइम_झोन’. उत्तर ‘सिस्टिम’ आलं, तर मशीनचं घड्याळ कुठल्या झोनवर आहे ते सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारून वहीत लिहून ठेवा.