टर्बो गाडीचा पिकअप गेला, तर दोष कोणाचा?

जुन्या टर्बो पेट्रोल गाडीचा पिकअप कमी झाला, की गॅरेजमध्ये पहिले निदान बहुधा एकच ऐकू येते : 'टर्बो गेला'. टर्बोचार्जर हा इंजिनाच्या महागड्या भागांपैकी एक असल्यामुळे या दोन शब्दांचा अर्थ वाहनधारकासाठी मोठा खर्च असा होतो. प्रत्यक्षात मात्र अनेकदा टर्बो शाबूत असतो. फाटलेला असतो तो एखादा रबरी पाइप, नाही तर बिघडलेली असते एखादी छोटी झडप. याउलट, ज्या दोन गोष्टींमुळे अख्खे इंजिन निकामी होऊ शकते, त्या इंजिन ऑइल आणि टायमिंग बेल्टकडे गाडी बंद पडेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. किरकोळ दोष आणि जीवघेणा दोष यांतील फरक ओळखणे, हाच टर्बो गाडी सांभाळण्याचा खरा मार्ग होय.

याचे चांगले उदाहरण म्हणजे स्कोडाची पहिल्या पिढीतील ऑक्टाव्हिया आरएस. ऑक्टाव्हिया भारतात २००१ साली आली. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात तिची जुळणी होत असे. काही वर्षांनी तिची टर्बो पेट्रोल आवृत्ती 'आरएस' या नावाने भारतीय रस्त्यांवर उतरली. मागचे दार काचेसह पूर्ण उघडत असले, तरी आपल्याकडे ती सेडान म्हणूनच ओळखली गेली. तिचे १,७८१ घनसेंटिमीटरचे इंजिन १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे. फोक्सवॅगन समूहाचे हे '१.८ टी' इंजिन १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ऑडी ए४, पासाट, गोल्फ अशा अनेक मोटारींत वापरले गेले. प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे वीस झडपा हे त्याचे वैशिष्ट्य. या पिढीच्या ऑक्टाव्हियाची भारतातील विक्री २०१० पर्यंत चालली. म्हणजे आज या गाड्या दीड दशकापेक्षा जुन्या आहेत आणि त्यांतील बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. इंजिनाचे गुणदोष जगभरच्या वापरातून पुरेपूर उघड झाले असल्याने त्यांच्या दुरुस्तीत अंदाजावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही.

टर्बोचे आयुष्य ऑइलवर

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर टर्बोचे एक चक्र फिरते. त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. हे ऑइल अशुद्ध झाले किंवा त्याचा दाब कमी झाला, की बेअरिंग झिजू लागते.

वेगात आलेली गाडी थांबवून लगेच इंजिन बंद केले, तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि टर्बोत अडकलेले ऑइल उष्णतेने जळून त्याचा कोळसा होतो. द्रुतगती मार्ग असो वा घाट, जोरात गाडी चालवल्यानंतर मुक्काम येण्याआधीचे एक-दोन किलोमीटर संथ चालवावे, किंवा थांबल्यावर मिनिटभर इंजिन सुरू ठेवावे, असे सांगितले जाते ते याच कारणासाठी. टर्बोला ऑइल पुरवणारी बारीक नळी गरम भागांजवळून जात असल्याने तिच्या आतही हा कोळसा साचतो.

जळालेल्या ऑइलचा दाट, काळा गाळ चेंबरमध्ये उतरतो आणि ऑइल खेचणाऱ्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली, की पंप चांगला असूनही दाब पडतो. याच इंजिनाच्या उभ्या बसवलेल्या आवृत्तीत, म्हणजे पासाट आणि ऑडी ए४ मध्ये, या गाळाच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २००४ मध्ये अमेरिकेत कंपनीला त्यासाठीचे संरक्षण आठ वर्षांपर्यंत वाढवावे लागले. ऑक्टाव्हियात इंजिन आडवे असून ऑइलचा फिल्टर मोठा आहे. त्यामुळे तिला हा त्रास तुलनेने कमी, पण स्वस्त ऑइल वापरून ते उशिरा बदलणाऱ्या गाडीत तो हमखास दिसतो.

उपाय साधा आहे. फोक्सवॅगनच्या ५०२ ०० या मानकाचे सिंथेटिक ऑइल वापरावे आणि जुन्या गाडीत ते दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल त्या वेळी बदलावे. गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नसेल, तर चेंबर उतरवून जाळी साफ करून घेणे शहाणपणाचे ठरते. चालत्या गाडीत ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' असा विचार न करता इंजिन तत्काळ बंद करावे.

पट्टा तुटला, तर इंजिन उघडावे लागते

या इंजिनात टायमिंग बेल्ट हा रबरी दातेरी पट्टा झडपांची हालचाल आणि पिस्टनची हालचाल यांचा मेळ राखतो. पट्टा तुटला किंवा दाते सरकले, तर उघड्या राहिलेल्या झडपांवर पिस्टन आदळतात. झडपा वाकतात, हेड उतरवावे लागते आणि काही वेळा पिस्टनलाही मार बसतो. यात पूर्वसूचना बहुतेक मिळत नाही.

याच पट्ट्यावर वॉटर पंप चालतो. मूळ पंपाच्या आतील पंखा प्लास्टिकचा असे. कालांतराने तो ठिसूळ होऊन तुटतो किंवा दांड्यावर मोकळा फिरू लागतो. बाहेरून पंप ठीक दिसतो, पण कूलंट फिरत नाही आणि इंजिन तापते. पंपाचे बेअरिंग जाम झाले, तर त्याच्यासोबत पट्टाही जातो. म्हणून पट्टा बदलताना टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप एकदमच बदलावेत. पंप शक्यतो धातूच्या पंख्याचा घ्यावा. पट्ट्यापर्यंत पोहोचण्याची मजुरी तीच असल्याने केवळ पट्टा बदलून वाचवलेले पैसे पुढे अनेक पटींनी भरावे लागतात.

हे काम साधारण ९० हजार किलोमीटरला करावे, असा जाणकारांचा सल्ला असतो. मात्र रबर केवळ अंतराने नव्हे, तर वयानेही जुने होते. कमी धावलेली गाडी विकत घेणाऱ्याने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. शेवटचा पट्टा पाच वर्षांहून जुना असेल, किंवा तो बदलल्याचे बिल उपलब्ध नसेल, तर तो बदललेला नाही असेच समजावे.

'पिकअप नाही' : आधी हवेची गळती शोधा

आता वळू या सर्वांत नेहमीच्या तक्रारीकडे. गाडी सुरू होते, शहरात बरी चालते, पण जोर लावला की ओढत नाही. टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून जाडजूड रबरी पाइपांवाटे इंजिनात जाते. हे पाइप ऑइलच्या वाफेने मऊ पडतात, क्लिप सैल होतात आणि दाब वाढला की तिथून हवा निसटते. जोर लावताना 'फुस्स' असा आवाज येणे ही त्याची खूण. स्कॅनर लावल्यावर अशा वेळी या इंजिनात बऱ्याचदा १७७०५ हा कोड दिसतो. टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामध्ये दाब पडत आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. टर्बो बदला, असे तो कोड सांगत नाही.

दुसरा संशयित म्हणजे डायव्हर्टर व्हॉल्व्ह. चालकाने पाय उचलला, की साठलेला दाब ही झडप मागे वळवते. तिच्या आतील रबरी पडदा फाटला, की दाब सतत गळतो. झडप काढून तोंडाने हवा ओढून पाहिली, तरी पडदा शाबूत आहे की नाही हे कळते. नवी झडप टर्बोच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त असते.

तिसरे स्थान इंजिनाखाली लपलेल्या बारीक नळ्यांचे. इनटेक मॅनिफोल्डखालून इंजिनातील वाफा वाहून नेणाऱ्या आणि निर्वात दाब पोहोचवणाऱ्या अनेक रबरी नळ्या जातात. उष्णतेने त्या कडक होऊन तडकतात. मग न मोजलेली हवा आत शिरते, आयडलिंग वर-खाली होते आणि इंजिनाचा दिवा लागतो. एकेक नळी हाताने चाचपण्यापेक्षा यंत्रातून धूर सोडून गळती शोधण्याची पद्धत अचूक ठरते. टर्बोचा दाब नियंत्रित करणारी एन-७५ ही विद्युत झडप आणि हवेचे मोजमाप करणारा एअर फ्लो सेन्सर यांची तपासणी त्यानंतर करावी.

मिसिंग आणि लुकलुकणारा दिवा

या इंजिनाच्या प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र इग्निशन कॉइल असते. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला या कॉइल मोठ्या प्रमाणावर निकामी होऊ लागल्या आणि २००३ मध्ये कंपनीने अमेरिकेत त्या बदलून देण्याची मोहीम हाती घेतली. कॉइल गेली, की इंजिन थरथरते, मिसिंग होते आणि डॅशबोर्डवरील दिवा लुकलुकू लागतो. अशा स्थितीत गाडी दामटणे महागात पडते. कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो वितळतो. दोष कोणत्या सिलिंडरमध्ये आहे, हे पाहण्यासाठी तिथली कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावावी. मिसिंगही तिच्यासोबत सरकले, तर कॉइल दोषी. न सरकल्यास प्लग किंवा इंजेक्टर तपासावा.

गाडी गरम असताना सुरू व्हायला कुरकुरते, तापमानाचा काटा मध्येच शून्यावर येतो, पेट्रोल जास्त लागते, अशा तक्रारींमागे बऱ्याचदा कूलंटचा तापमापक सेन्सर असतो. तोही किरकोळ किमतीचा भाग आहे. चुकीचे तापमान कळल्यामुळे संगणक चुकीच्या प्रमाणात पेट्रोल सोडतो, एवढाच हा घोटाळा.

इंधनाचा नवा प्रश्न

भारतात २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२५ मध्ये देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. ही गाडी त्या इंधनासाठी बनवलेली नव्हती. जुन्या वाहनांतील काही रबरी भाग आणि गॅस्केट दीर्घ वापरानंतर बदलावे लागू शकतात, हे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये मान्य केले. त्यामुळे प्रत्येक सर्व्हिसिंगला इंधनाचे पाइप, त्यांचे जोड आणि इंजेक्टरची सील यांची पाहणी आवश्यक ठरते. तापलेल्या टर्बोच्या आसपास पेट्रोलची गळती म्हणजे आगीला निमंत्रण होय. पेट्रोलचा वास येत असेल, तर गाडी चालवूच नये.

टर्बो खरोखर गेला, हे कसे ओळखावे?

टर्बो कधीच बिघडत नाही, असा याचा अर्थ नव्हे. आयडलिंगनंतर जोर लावताना सायलेन्सरमधून निळा धूर येणे, भोंग्यासारखा चढता आवाज, ऑइल वेगाने कमी होणे ही त्याची लक्षणे आहेत. हवेचा पाइप काढून चक्राचा दांडा बोटांनी हलवून पाहावा. अगदी किंचित हालचाल स्वाभाविक असते. पण पाती घरावर घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बो बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या वेळीही एक पथ्य पाळावे लागते. जुना टर्बो कशामुळे गेला, हे न शोधता नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो. ऑइलची नळी नवी घालणे, जाळी स्वच्छ करणे, ऑइल आणि फिल्टर बदलणे आणि दाबमापक लावून दाब मोजणे ही कामे टर्बोच्या दुरुस्तीचाच भाग आहेत. अंदाजपत्रकात ती नसतील, तर वाहनधारकाने त्याबाबत अवश्य विचारावे.

नव्या पिढीत दोष बदलले, सूत्र तेच

भारतात २००९ मध्ये लॉराबरोबर आलेल्या १.८ टीएसआय इंजिनात रबरी पट्ट्याऐवजी साखळी आली आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाऊ लागले. साखळी जन्मभर टिकते, असा समज झाला. परंतु सुरुवातीच्या इंजिनांत साखळी ताणून धरणारा टेन्शनर दगा देऊ लागला. सकाळी गाडी सुरू करताना क्षणभर खडखडाट होत असेल, तर दुर्लक्ष करू नये. तसेच पेट्रोलने झडपा धुतल्या जात नसल्यामुळे त्यांच्यावर काजळी साचते आणि ती अक्रोडाच्या कवचाचा भुसा दाबाने मारून काढावी लागते. भाग बदलले, तरी ऑइल वेळेवर बदलणे आणि लक्षण दिसताच मूळ कारण शोधणे हे सूत्र कायम राहते.

जुनी आरएस घेऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच कामांचा क्रम ठरवून घ्यावा. प्रथम टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि ऑइल. त्यानंतर कूलंट आणि इंधनाचे पाइप. मग कॉइल व प्लग. आणि सर्वांत शेवटी ताकद वाढवण्याचे बेत. पट्टा कधी बदलला हे ठाऊक नसताना संगणकाची प्रणाली बदलून जास्त अश्वशक्ती मिळवणे म्हणजे डळमळीत पायावर आणखी एक मजला चढवणे होय. ज्या गॅरेजमध्ये भाग बदलण्यापूर्वी स्कॅनरवरील नोंद, धुराची चाचणी आणि ऑइलचा दाब दाखवला जातो, तिथे दिलेली मजुरी वाया जात नाही. निदानासाठी खर्च केलेला एक तास अनेकदा एका नव्या टर्बोची किंमत वाचवतो.