कवच आणि मक्ता

२००८ सालच्या २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईच्या रस्त्यांवर ज्या पोलिसांनी दहशतवाद्यांच्या स्वयंचलित बंदुकांना तोंड दिले, त्यांपैकी कित्येकांच्या हाती केवळ काठी होती. आणि ज्यांच्या अंगावर चिलखत होते त्यांचे चिलखत त्या गोळीच्या तोडीचे होते काय, हा प्रश्न हुतात्म्यांच्या कुटुंबीयांना पुढे वर्षानुवर्षे सरकारदरबारी विचारावा लागला. त्या घटनेला दहा वर्षे पुरी होत असता, २०१८ साली, महाराष्ट्र पोलिसांकडे आलेल्या सुमारे ४६०० गोळीरोधक जाकिटांपैकी १४३० जाकिटे एके-४७ च्या गोळीपुढे चाचणीत टिकली नाहीत, म्हणून ती पुरवठादाराकडे परत धाडण्यात आली. पुष्कळांना ही बातमी नामुष्कीची वाटली. मला ती तशी वाटत नाही. शिपायाच्या अंगावर चढण्यापूर्वी जे जाकीट नापास झाले, त्याने एक जीव वाचविला असेच मी समजतो.

असे जाकीट मक्त्याने येते, आणि सरकारी मक्ता म्हटला की आपल्या समाजात भुवया उंचावतात, आणि मराठी घरातला होतकरू मुलगा त्या वाटेला सहसा जात नाही. परंतु राज्याच्या रक्षणासाठी करावयाची खरेदी हा आपल्याकडे एके काळी राजनीतीचा गंभीर विषय होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या मराठेशाहीतील राजनीतिग्रंथात गडावरील संचयाची चिंता आहे, इतकेच नव्हे, तर आरमारासाठी लाकूड हवे असता रयतेच्या आंब्याफणसाच्या झाडांना हात लावू नये, झाड जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, त्याचे मोल देऊन मगच ते तोडावे, असा दंडक आहे. रक्षणाचे निमित्त पुढे करून रयतेस नागवू नये, ही त्यामागची दृष्टी. खरेदीदार आणि विकणारा यांचे नाते इतक्या बारकाईने पाहणारा तो ग्रंथ मक्त्याच्या व्यवहारात पडणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

आजची वाट अर्थात निराळी आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारची ‘जेम’ ही ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली, आणि २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनी तेथे मिळणारा माल केंद्रीय खात्यांनी तेथूनच घेण्याचे बंधन घातले. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, औद्योगिक सुरक्षा दल ही गृहमंत्रालयाची दले या नियमांखाली येतात. राज्याचे पोलीस राज्याच्या भांडार खरेदी नियमांनी चालतात. या दलांना लागते काय, असे विचारले तर आपल्या डोळ्यांपुढे बंदुकाच येतात. वस्तुतः बूट, खाकी कापड, तंबू, मच्छरदाण्या, कांबळी, स्वयंपाकाची मोठी पातेली, कॅमेरे, बिनतारी संच, बराकींची डागडुजी अशा शेकडो गोष्टींवाचून कोणतेही दल एक आठवडा उभे राहू शकत नाही, आणि भोसरीच्या, वाळूजच्या वा बुटीबोरीच्या लहान कारखान्याला झेपण्याजोगे काम नेमके येथेच असते.

अशा कारखान्यासाठी २०१२ च्या केंद्रीय खरेदी धोरणाने दार बरेच रुंद केले आहे. एकूण वार्षिक खरेदीचा २५ टक्के हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा. त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. निविदेच्या अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के असणारी बयाणा रक्कम त्यांना माफ. शिवाय, सर्वांत कमी दर १०,००० रुपये आला आणि लहान उद्योगाने ११,५०० पर्यंत दर भरलेला असला, तर १०,००० ला उतरण्याची तयारी दाखविल्यास मागणीच्या चौथाईपर्यंत पुरवठा त्याला मिळू शकतो. पूर्वानुभवाची अटही नवोदितांना शिथिल करता येते. मात्र सार्वजनिक सुरक्षिततेशी आणि महत्त्वाच्या सुरक्षा साहित्याशी संबंधित खरेदीत ही सवलत नाकारण्याची मुभा खात्याला आहे, हे अनेक जण वाचत नाहीत आणि मग अन्याय झाला म्हणून कष्टी होतात. शिपायाच्या छातीवर कोणाचा पहिलाच प्रयोग होऊ नये, हे खात्याचे म्हणणे मला रास्त वाटते.

निविदा दोन लिफाफ्यांत भरावयाची असते, एक तांत्रिक व दुसरा आर्थिक. पहिल्यात जो उतरला नाही त्याचा दुसरा उघडतच नाही. आणि उघडल्यावर, मालाच्या खरेदीत, सर्वांत कमी दराचाच जय होतो. २०२१ मध्ये केंद्राने बांधकामे व सेवा यांच्या निवडीत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देण्याची वाट मोकळी केली, पण ती मालाला लागू नाही. म्हणजे जाकीट चांगले की वाईट, याचा सारा निवाडा पहिल्या लिफाफ्यात आणि पुढे मालाच्या तपासणीत व्हावयाचा. तेथे ढिलाई झाली तर सर्वांत स्वस्त माल हा सर्वांत वाईट माल ठरण्यास वेळ लागत नाही.

ही तपासणी कशी होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०१८ साली गोळीरोधक जाकिटांचे स्वतंत्र मानक, आयएस १७०५१, प्रसिद्ध केले. कोणत्या गोळीपासून रक्षण हवे त्यानुसार त्यात सहा पातळ्या आहेत. मळलेल्या मातीसारख्या मऊ लगद्यावर जाकीट बांधतात आणि ठराविक अंतरावरून त्यावर गोळ्या झाडतात. गोळी आरपार गेली नाही एवढ्यावर भागत नाही. जाकीट सोडवून मागच्या लगद्यात पडलेल्या खळग्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात, कारण गोळी अडली तरी तिच्या धक्क्याने बरगडी मोडू शकते आणि आतले इंद्रिय फुटू शकते. चाचणी झालेले जाकीट पुन्हा अंगावर घालता येत नाही, त्यामुळे प्रत्येक खेपेतून थोडीच जाकिटे निवडून घेतात, आणि त्या थोडक्यांच्या साक्षीवर बाकीच्या हजारोंचा भरवसा ठेवावा लागतो. १४३० जाकिटे परत गेली ती अशाच साक्षीच्या जोरावर.

देयकाविषयी एवढेच सांगतो, की २००६ च्या लघुउद्योगविषयक कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हा हक्क मागण्यास संकोचू नये.

खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आपल्या भूमीवर आहे, आणि २०२१ च्या १ ऑक्टोबरला आयुध निर्माणींच्या सात कंपन्या झाल्या, त्यांतील दोहोंची मुख्यालये पुणे आणि नागपूर येथे आली. तेव्हा काम दूर आहे असे महाराष्ट्रातल्या उद्योजकाने म्हणू नये. त्याने निविदेची कागदपत्रे मागवावीत, दराचा रकाना भरण्यापूर्वी चाचणीचे कलम दोनदा वाचावे, शंका असेल ती निविदापूर्व बैठकीत उभे राहून विचारावी, आणि आपल्या मालावरची पहिली गोळी स्वखर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झाडून घ्यावी.