निळ्या ठिपक्यावर किती विश्वास ठेवावा?

सरकारी कामाचा नुसता फोटो हल्ली चालत नाही. शेततळं असो, घरकुल असो की वृक्षलागवड, फोटोच्या खालच्या पट्टीत अक्षांश-रेखांश छापलेले हवेत. ही पट्टी एकदा निरखून पाहा. दशांशचिन्हापुढे सहा, सात, कधी आठ आकडे असतात. अक्षांशाच्या पाचव्या दशांश स्थानाचा जमिनीवरचा अर्थ सुमारे एक मीटर, सहाव्याचा अकरा सेंटिमीटर आणि आठव्याचा जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे फोन कुठे होता हे मिलिमीटरपर्यंत ठाऊक आहे, असा त्या फोटोचा दावा. फोटो काढणाऱ्याचा हातसुद्धा त्याहून जास्त हलतो.

मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची चूक साधारण पाच मीटरच्या आत राहते. अमेरिकी सरकारचं जीपीएसविषयीचं अधिकृत संकेतस्थळ ४.९ मीटर हा आकडा देतं. त्या आठ आकड्यांतले पहिले चार कामाचे, पाचवा अधूनमधून, आणि पुढचे ॲप लिहिणाऱ्याने गाळायचे राहून गेलेले.

फोन मात्र खोटं बोलत नसतो. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसतं, तेच फोनचं खरं उत्तर. ॲन्ड्रॉइड फोन प्रत्येक ठिकाणाबरोबर अचूकतेचाही एक आकडा ॲपला कळवतो. त्याची व्याख्या अशी, की तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात तुम्ही असण्याची शक्यता ६८ टक्के. शंभरातल्या बत्तीस वेळा तुम्ही वर्तुळाच्याही बाहेर असू शकता, आणि हे फोनच आपल्या तोंडाने सांगतोय. आपण ठिपका पाहतो, वर्तुळ सोडून देतो.

गाडी चालवताना ठिपका रस्त्याच्या अगदी मधोमध धावतो, त्यामुळे हा भ्रम आणखी पक्का होतो. ती करामत उपग्रहाची नव्हे. ॲपने ठिपका उचलून जवळच्या रस्त्यावर ठेवलेला असतो. म्हणूनच उड्डाणपुलावर असताना कधीकधी ॲप आपल्याला खालच्या रस्त्यावर समजून भलतीकडे वळायला सांगतं.

‘उपग्रह आपल्याला पाहत असतो’

जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त प्रक्षेपण करतात. आकाशवाणी केंद्राला जसा आपला श्रोता कोण हे कळत नाही, तसा खाली कुठला फोन ऐकतोय याचा उपग्रहाला पत्ताच नसतो. आपला माग काढला जातो तो फोनमधल्या ॲपकडून आणि इंटरनेटवरून. त्याबद्दल तक्रार करायची तर उपग्रहाकडे बोट दाखवून उपयोग नाही.

उपग्रह सांगतो एवढंच: मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वाजले आहेत. संदेश किती वेळात पोचला यावरून फोन अंतर काढतो. प्रकाशाच्या वेगाचा हिशेब असल्याने सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला की ३०० मीटर चुकले. उपग्रहात अणुघड्याळ असतं, फोनमध्ये मात्र स्वस्तातलं क्वार्ट्‌झ. म्हणून तीन उपग्रह पुरत नाहीत, निदान चार लागतात. तिघांवरून जागा निघते आणि चौथ्यामुळे फोनच्या घड्याळाची चूक.

अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक घालतं, असं अजूनही ऐकू येतं. एकेकाळी हे खरं होतं. नागरी वापराच्या संकेतात जाणूनबुजून गडबड केली जायची आणि चूक शंभर मीटरपर्यंत जायची. मे २००० च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ते थांबलं. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता नोकरीला लागली आहेत.

‘रेंज गेली की जीपीएस गेलं’

सह्याद्रीत भटकणाऱ्यांमध्ये हा गैरसमज सर्वांत महागात पडणारा. हरिश्चंद्रगडावर मोबाईलची रेंज नसली, सिमकार्ड काढून ठेवलं किंवा फोन फ्लाइट मोडवर असला, तरी उपग्रहांचे संकेत येतच असतात. जातो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून उतरत असतो. घरून निघताना नकाशा उतरवून घेतला असेल तर ठिपका डोंगरातही जागेवर दिसतो.

नेट नसताना पहिल्यांदा ठिकाण सापडायला वेळ लागतो, एवढं खरं. उपग्रह सध्या नेमका कुठे आहे ही माहिती एरवी फोन नेटवरून क्षणात मिळवतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि ती दर ३० सेकंदांनी एकदा पूर्ण होते. अशा वेळी मोकळ्यावर जाऊन मिनिटभर स्वस्थ उभं राहायचं असतं. लोक फोन बंद करून पुन्हा सुरू करतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

सांदण दरीसारख्या अरुंद घळीत मात्र फोन खरोखरच गोंधळतो. तिथे आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसते. पाच-सहा उपग्रह सापडले तरी ते सगळे जवळपास एका ओळीत असतात, आणि एका ओळीतल्या खुणांवरून आडवी जागा नीट निघत नाही. उपग्रह किती यापेक्षा ते आकाशात कसे विखुरले आहेत याला महत्त्व जास्त.

पाऊस आणि ढग यांना उगाच दोष दिला जातो. जीपीएसच्या लहरी ढगांतून आणि पावसातून जवळजवळ न अडखळता येतात. पावसाळ्यात अडथळा होतो तो डोक्यावरच्या ओल्या, दाट पानांचा.

शहरात शत्रू वेगळा. लोअर परळच्या काचेच्या मनोऱ्यांमध्ये उपग्रहाचा संकेत थेट न येता समोरच्या इमारतीवर आपटून येतो. तेवढा वळसा फोनला अंतर वाटतो आणि ठिपका पलीकडच्या गल्लीत जातो. चूक तीस-चाळीस मीटरवर जाणं इथे नवलाचं नाही. टॅक्सीवाला ‘कुठे उभे आहात?’ असं विचारतो तेव्हा त्याच्यावर चिडू नये.

‘समुद्रकिनारी उणे साठ मीटर? फोन बिघडलाय!’

उंचीचा विषय माझ्या मते सगळ्यांत मजेदार, आणि तो भारतात जितका ठळक दिसतो तितका फार थोड्या देशांत दिसत असेल.

गिरगाव चौपाटीवर वाळूत उभं राहून एखाद्या जीपीएस ॲपमध्ये उंची पाहिली, तर ती शून्याखाली साठेक मीटर दिसू शकते. फोन बिघडलेला नसतो. उपग्रहांच्या गणितात पृथ्वी म्हणजे एक गुळगुळीत, ध्रुवांशी किंचित चपटा गोल. उंची त्या काल्पनिक पृष्ठापासून मोजली जाते. खरा समुद्र इतका आज्ञाधारक नाही. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्याने गुरुत्वाकर्षण कमीजास्त असतं आणि त्याप्रमाणे समुद्राची सरासरी पातळीही कुठे फुगलेली, कुठे खोलगट असते. जगातला सर्वांत मोठा खोलगट भाग आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे. तिथे समुद्र त्या गणिती पृष्ठाच्या शंभर मीटरहून अधिक खाली आहे. त्या खळग्याचा उतार आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो आणि मुंबईजवळ फरक साठ मीटरांहून जास्त भरतो.

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर हे शाळेपासून पाठ असतं. माथ्यावर एखाद्याचा फोन १,५८० च्या आसपास दाखवतो आणि शेजारी उभ्या मित्राचा १,६४० दाखवतो. मग कोणाचा फोन महागडा यावर वाद. खरं तर दोघं वेगवेगळ्या शून्यापासून मोजत आहेत. आयफोन ॲपला समुद्रसपाटीपासूनची उंची देतो. ॲन्ड्रॉइड वर्षानुवर्षं गणिती पृष्ठापासूनची देत आला, आणि समुद्रसपाटीची उंची तयार मिळण्याची सोय ॲन्ड्रॉइड १४ पासून आली. मधल्या काळात काही ॲप लिहिणाऱ्यांनी ही दुरुस्ती स्वतः केली, काहींना तिची गरजच कळली नाही.

त्याशिवाय उंची मुळातच आडव्या जागेपेक्षा कमी अचूक निघते. आपल्याला ऐकू येणारे सगळे उपग्रह डोक्यावर असतात, पायाखालचे पृथ्वीआड. एकाच बाजूने मोजल्यावर उंचीची चूक आडव्या चुकीच्या दीड-दोन पट होते.

‘स्वदेशी नाविक आलं, आता चूक संपली’

इस्रोची नाविक ही सात उपग्रहांची कल्पिलेली यंत्रणा. तिच्याबद्दल अभिमान असणं रास्त आहे, पण समाजमाध्यमांवर तिच्या नावाने फिरणारे दावे तसे नाहीत. तिच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात अणुघड्याळं बंद पडली. त्याची जागा घेणारा उपग्रह २०१७ मध्ये ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही. भारतीय बनावटीचं अणुघड्याळ घेऊन एनव्हीएस-०१ मे २०२३ मध्ये यशस्वीपणे गेला, तर जानेवारी २०२५ चा एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेपर्यंत जाऊ शकला नाही.

शिवाय ‘जीपीएसचा फोन’ आणि ‘नाविकचा फोन’ अशी विभागणी नसते. आजचा फोन अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बायडू आणि चिपमध्ये सोय असेल तर नाविक, असे सगळे संकेत एकत्र करून एकच उत्तर काढतो. नाविकने त्यात भर पडते, चमत्कार होत नाही.

फोन घेताना विचारायचंच तर तो दोन वारंवारितांवर ऐकतो का हे विचारावं. असा पहिला स्मार्टफोन, शाओमीचा मी ८, २०१८ मध्ये आला. वातावरणाच्या वरच्या थरातले विद्युतभारित कण संकेताला उशीर लावतात, आणि हा उशीर दोन वारंवारितांना वेगवेगळा लागतो. त्या फरकावरून तो मोजून वजा करता येतो. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे भारतावर हा थर जास्त दाट आणि लहरी असतो, विशेषतः सूर्यास्तानंतर. म्हणून ही सोय आपल्याला युरोपातल्या माणसापेक्षा जास्त उपयोगाची. दुसऱ्या वारंवारितेचा संकेत भिंतीवरून परतलेला प्रतिध्वनीही जास्त चांगला ओळखू देतो.

‘ॲपवर गुंठे मोजले, बांध माझाच’

इथे चुकीची किंमत पैशात आणि कोर्टाच्या तारखांत मोजली जाते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, बाजू दहा मीटर. फोनची चूक पाच मीटर. चौरस एकराची बाजू सुमारे ६४ मीटर असते. एका बाजूचा बांध ॲपवर तीन मीटर सरकला की १९० चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास दोन गुंठ्यांचा फरक पडला.

तरीही ॲपवर मोजलेलं क्षेत्रफळ बरेचदा सातबाऱ्याच्या जवळ येतं, आणि लोकांचा विश्वास बसतो तो यामुळेच. त्याला कारण आहे. दहा मिनिटांत शेताला फेरी मारली तर वातावरणामुळे आणि उपग्रहांमुळे येणारी चूक चारही कोपऱ्यांना साधारण सारखीच लागू होते. अख्खं शेत एका दिशेला सरकतं, आकार फारसा बदलत नाही. ठिबकच्या नळ्या किती लागतील, बियाणं किती आणायचं, यासाठी एवढं पुष्कळ झालं. बांधाच्या वादात प्रश्न क्षेत्रफळाचा नसून रेषा नेमकी कुठून जाते याचा असतो, आणि नेमकी तीच रेषा सरकलेली असते. त्यात बांधावर आंब्याचं झाड असेल तर त्या कोपऱ्याची चूक आणखी निराळी.

भूमी अभिलेख विभागाचा भूकरमापक रोव्हर घेऊन येतो तेव्हा तोही उपग्रहांचेच संकेत वापरतो. मग फरक कशात? त्याच्या यंत्राचा अँटेना मोठा आणि प्रतिध्वनी टाळणारा असतो. ज्यांची जागा आधीच अचूक ठाऊक आहे अशा स्थिर संदर्भ केंद्रांकडून त्याला त्या क्षणीची चूक कळते. शिवाय ते यंत्र संदेशाबरोबर लहरीच्या चढउतारांचाही हिशेब ठेवतं, त्यामुळे चूक काही सेंटिमीटरवर येते. भाऊबंदकीत ग्राह्य धरली जाते ती हद्द कायम मोजणी आणि तिची ‘क’ प्रत. ॲपचा स्क्रीनशॉट नव्हे.

होकायंत्राबद्दल एवढंच: ठिपक्यापुढे दिशा दाखवणारा झोत जीपीएसचा नसतो, तो फोनमधल्या चुंबकीय संवेदकाचा असतो. हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून दिशा सुधारते, जागा सुधारत नाही. कव्हरला लोहचुंबक असेल तर दिशा कायम चुकीची.

एका बाबतीत मात्र फोनला उलट कमी लेखलं जातं. वेग. दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले वेळ असा फोनचा वेगाचा हिशेब असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात उपग्रहाच्या लहरींच्या वारंवारितेत पडणाऱ्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, वेग थेट काढता येतो आणि तो जागेपेक्षा कितीतरी अचूक असतो. उलट गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू नये असा आंतरराष्ट्रीय नियम असल्याने उत्पादक तो थोडा चढाच ठेवतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर काटा ८४ आणि फोन ८० दाखवत असेल तर फोनचं धरावं, भाताण बोगदा येईपर्यंत. आत संकेत पोचत नाहीत, आणि तिथे पुढे सरकणारा ठिपका म्हणजे मघाच्या वेगावरून बांधलेला अंदाज असतो.