दुबईची सफर आणि घड्याळाचा हिशेब

मालाच्या सौद्यासाठी दुबईला जाणारे आपले व्यापारी बांधव तिकिटावरील वेळ वाचून फसतात. मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर, उड्डाण साधारण तीन तासांचे. पण दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आणि तिकिटावर त्या त्या ठिकाणची वेळ छापतात. त्यामुळे जाताना प्रवास दीड तासाचा दिसतो, येताना साडेचार तासांचा. पहिल्या खेपेस आम्ही दुबईच्या ४ मध्ये ३ मिळवून ७ धरले आणि मुंबईहून रात्री ८.३० चे नागपूरचे विमान ठरवले. मुंबईत उतरलो तेव्हाच ८.३० वाजले होते! तिकीट बुडाले, रात्रीचा खर्च वेगळा. नागपूरहून यवतमाळ सडकेने आणखी दीडशे किलोमीटर. दुकान उघडायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.