अनियंत्रित सत्ता आणि लोकमत : वऱ्हाडातील दोन सत्याग्रहांचा दाखला

ज्या सत्तेला प्रजा मतदानाने दूर करू शकत नाही, ती सत्ता लोकमताची दखल घेते काय? या प्रश्नाचे 'नाही' असे उत्तर सहज दिले जाते. परंतु ते पुरेसे नाही. परतवाड्यासारख्या, मेळघाटच्या पायथ्याशी वसलेल्या गावाच्या परिसरातून वऱ्हाडचा इतिहास पाहिला असता अधिक काटेकोर उत्तर हाती लागते.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, १९०२ मध्ये त्यांना कायमच्या पट्ट्याने मिळाला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. या तिन्ही प्रसंगी रयतेचे मत कोणी विचारले नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतिक विधिमंडळाचे अधिकार वाढले, तरी येथील जंगलखाते 'राखीव' खात्यांतच राहिले. म्हणजे त्याचा कारभार लोकप्रतिनिधींना जबाबदार नव्हता. मिठाचा विषय तर मध्यवर्ती सरकारच्या हाती होता.

१९३० मध्ये या दोन्ही विषयांवर वऱ्हाडने आपले मत कृतीने प्रकट केले. समुद्र दूर असल्यामुळे अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे १३ एप्रिलला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करण्यात आले. १० जुलैला पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला व कारावास पत्करला. परतवाड्याच्या उत्तरेकडील बैतुल जिल्ह्यातही गोंड व कोरकू लोक जंगल सत्याग्रहात उतरले.

सरकारने काय केले? ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने मीठ-कायदा रद्द झाला नाही. परंतु जेथे मीठ गोळा करता किंवा तयार करता येते, तेथील रहिवाशांना घरगुती उपयोगापुरती व गावातल्या गावात विक्रीपुरती मोकळीक मिळाली. गवताविषयी मात्र असे कलम करारात नव्हते. या भेदाचे कारण अनुमानाने सांगता येते. घरगुती मिठाने महसुलास फारसा धक्का लागत नव्हता. गवत मोकळे केले असते, तर जंगलखात्याच्या अधिकाराचा पायाच हलला असता. तात्पर्य, अनियंत्रित सत्ता लोकमत ऐकते. परंतु अशांततेचे भय मोठे आणि सवलतीची किंमत अल्प असेल तेथेच ती नमते.

सवलत आणि शिक्षा अनेकदा बरोबरच येतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या सक्तीवर टीका होत असता लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. पुढे प्लेगच्या सक्तीचे नियम मात्र सौम्य करण्यात आले. चीनमध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये कोविड-निर्बंधांविरुद्ध निदर्शने झाली. ७ डिसेंबरला निर्बंध बरेच सैल करण्यात आले, आणि काही निदर्शकांना अटकही झाली. तेथे साथीचा फैलाव व आर्थिक ताण हीही कारणे होती.

अशा सत्तेची दुसरी अडचण माहितीची असते. निवडणूक व मुक्त वृत्तपत्रे नसली की लोकमत पोलिसांच्या अहवालांतूनच समजते. म्हणूनच इंग्रज सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे इंग्रजी गोषवारे नियमाने तयार करवीत असे. ज्याचे तोंड बंद करावयाचे, त्याचेच म्हणणे जाणून घेण्याची गरज, असा हा पेच आहे.

यावरून 'प्रतिसाद' आणि 'उत्तरदायित्व' या दोन कल्पना वेगळ्या ठेवणे अगत्याचे ठरते. प्रतिसाद सत्ताधाऱ्याच्या सोयीवर अवलंबून असतो. दिलेली सवलत तो उद्या परत घेऊ शकतो, आणि त्याविरुद्ध रयतेला दाद मागता येत नाही. उत्तरदायित्वात प्रजेला हक्क असतो. संसदेने २००६ मध्ये वनहक्क कायदा केला आणि त्यान्वये २०१२ मध्ये परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. या हक्कासाठीही अर्ज, पुरावे व पाठपुरावा यांचे कष्ट चुकत नाहीत. तथापि १९३० साली ज्या गवतासाठी कारागृहात जावे लागले, त्यावर आज ग्रामसभेला कायद्याने बोलता येते. लोकमताचे खरे मोल सत्तेने ते कितीदा ऐकले यावरून ठरत नाही; न ऐकल्यास प्रजेच्या हाती कोणता उपाय राहतो, यावरून ते ठरते.